घासून जाते ते काय? मोटारीला झिलई देणाऱ्या यंत्राची निवड

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, छावणी भागात गुरुवारी आठवडी बाजार भरतो. अशाच एका गुरुवारी बाजाराच्या गर्दीतून वाट काढीत मी नववीतल्या एका विद्यार्थ्याबरोबर त्याच्या मामांच्या शेडवर गेलो. मामांनी कारखान्यातली नोकरी सोडून गाड्या धुण्याचा छोटा धंदा मांडला आहे. पाण्याचा पंप, दोन बादल्या, वर पत्रा, एवढेच भांडवल. गाडी धुवायला येणारे गिऱ्हाईक हल्ली विचारते, "पॉलिश करून देता का?" म्हणून मामा यंत्र घ्यायला बाजारात गेले. दुकानदाराने तीन निरनिराळ्या किमतींची तीन यंत्रे समोर ठेवली आणि तिन्हींना "बफिंग मशीन" असे एकच नाव सांगितले. मामा गोंधळून परत आले. भाच्याचा प्रश्न मात्र सरळ होता: "सर, तिन्ही यंत्रे फिरतातच. मग फरक कशात?"

हे शहर तसे मोटारींचे आहे. वाळूजला १९८५ पासून बजाजचा कारखाना आहे. शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा गाड्यांची जुळणी सुरू झाली. तेव्हा गाडीचा रंग हा विषय येथल्या अनेक घरांत रोजच्या जेवणाइतका ओळखीचा असेल. तरीही भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर द्यायला आपल्याला रंगापासूनच सुरुवात करावी लागेल, कारण यंत्र कोणते घ्यायचे हे यंत्रावर ठरत नाही. ते ज्याला घासायचे त्यावर ठरते.

वहीच्या पानाएवढा रंग

एक २०० पानी वही घ्या. पुठ्ठे सोडून आतल्या पानांची जाडी पट्टीने मोजा. समजा ती ८ मिलिमीटर भरली. २०० पाने म्हणजे १०० कागद. म्हणून एका कागदाची जाडी ०.०८ मिलिमीटर, अर्थात ८० मायक्रॉन झाली. (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) आता असे दीड-एक कागद पत्र्यावर चिकटवले आहेत अशी कल्पना करा. मोटारीच्या पत्र्यावर कारखान्यात चढवलेला सगळा रंग साधारण एवढाच, म्हणजे १०० ते १२० मायक्रॉन असतो.

या एवढ्याशा जाडीतही चार थर असतात. अगदी खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग खरा रंग, आणि सर्वांत वर बिनरंगी पारदर्शक थर. रंगकाम करणारे याला क्लिअर कोट किंवा लॅकर म्हणतात. त्याची जाडी ४० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे तुमच्या वहीच्या पानाच्या निम्मी असते. गाडीची सारी चकाकी या थराच्या वरच्या पृष्ठभागात असते. उन्हातले अतिनील किरण शोषून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही याच थरात मिसळलेली असतात. हा थर एकदा संपला की रंग फिका पडू लागतो, पापुद्रे निघतात, आणि मग पॉलिशचा उपयोग नाही. गाडी पुन्हा रंगवावीच लागते.

जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी. प्रीमियर पद्मिनी किंवा अॅम्बॅसेडर जुन्या साध्या रंगात असेल, तर तिच्यावर वेगळा पारदर्शक थर नसतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पांढऱ्या फडक्यावर किंचित पॉलिश घेऊन कोपऱ्यात हळूच घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला, तर तुम्ही प्रत्यक्ष रंगच घासत आहात असे समजा.

ओरखडा भरत नाही

गाडीवर ओरखडे येतात कुठून? पुष्कळदा ते पुसण्यातूनच येतात. रस्त्यावरच्या धुळीत गारगोटीचे बारीक कण असतात. खनिजांच्या काठिण्याच्या मोजपट्टीवर गारगोटी ७ वर बसते. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातील खनिजेही ५ ते ६ च्या दरम्यान आहेत. क्लिअर कोट हे शेवटी एक प्रकारचे प्लॅस्टिकच. कोरड्या फडक्याने धुळकट गाडी पुसणे म्हणजे अतिशय बारीक पॉलिशपेपर फिरवणेच होय.

आता मुख्य मुद्दा. ओरखडा ही एक चर आहे. पॉलिश करताना ही चर भरून निघते अशी अनेकांची समजूत असते. तसे होत नाही. चरीच्या दोन्ही बाजूंची जमीन खरवडून चरीच्या तळापर्यंत खाली आणली जाते, म्हणून चर नाहीशी होते. २ मायक्रॉन खोल ओरखडा घालवायचा, तर आजूबाजूचा निदान २ मायक्रॉन थर उडवावा लागतो. सौम्य पॉलिशच्या एका कामात एक-दोन मायक्रॉन जातात. जोरदार रबिंग केले तर पाच किंवा त्याहून जास्त. गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून सात-आठ मायक्रॉनपेक्षा अधिक काढू नयेत, असा सावध हिशेब धरावा. म्हणजे झिलई करणाऱ्याच्या हाती असलेली पुंजी वहीच्या पानाच्या दहाव्या हिश्शाएवढी! नखाला अडकतो असा खोल ओरखडा या पुंजीतून जाणारा नव्हे. तो तसाच ठेवणे शहाणपणाचे.

चर खरोखर भरणारे पदार्थही बाजारात आहेत. मेण किंवा तेलकट पॉलिश चरीत बसते, आणि गाडी घटकाभर आरशासारखी दिसते. दोन-चार धुलाईंत मेण निघून गेले की ओरखडे पुन्हा हजर. गिऱ्हाइकाची अशी फसवणूक मुद्दाम होते तशी नकळतही होते. म्हणून पॉलिश झाल्यावर पाणी मिसळलेल्या अल्कोहोलने तो भाग पुसून मगच काम तपासावे.

जाळे कोण विणते?

येथे एक प्रयोग करून पाहा. रात्री रस्त्यावरच्या दिव्याखाली उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटमध्ये दिव्याचे प्रतिबिंब पाहा. त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसतील. आता एक पाऊल बाजूला सरका. जाळेही तुमच्याबरोबर सरकेल! ओरखडे तर जागचे हललेले नाहीत. मग हे कसे?

ओरखडे खरे म्हणजे सर्व दिशांना वेडेवाकडे पसरलेले असतात. परंतु दिव्याकडून आलेला प्रकाश तुमच्या डोळ्यांकडे वळवण्याचे काम त्यांपैकी ठरावीक दिशेतलेच ओरखडे करू शकतात. जे ओरखडे प्रतिबिंबाकडे आडवे, म्हणजे त्याच्याभोवतीच्या वर्तुळाच्या दिशेने असतात, तेवढेच चमकतात. बाकीचे प्रकाश भलतीकडे फेकतात व अदृश्य राहतात. स्टीलच्या घासलेल्या ताटात बल्बचे प्रतिबिंब पाहिले तरी हेच दिसेल. तेव्हा ही वर्तुळे दिसली म्हणून पूर्वी कोणी गोल फिरणारे यंत्र लावले होते असा निष्कर्ष काढू नका. गोल दिसणे ही प्रकाशाची करामत आहे.

काळ्या गाडीवरच हे जाळे इतके का खुलते? पारदर्शक थराच्या पृष्ठभागावरून सरळ पडणाऱ्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्केच परत फिरतो. बाकीचा आत जाऊन काळ्या रंगात मुरतो. त्या काळोखावर ओरखड्यांनी विखुरलेला थोडासा प्रकाशही उठून दिसतो. पांढऱ्या गाडीत आतून एवढा प्रकाश परत येत असतो की त्यात ओरखड्यांचा प्रकाश हरवून जातो. नवशिक्याने पहिली गाडी पांढरी किंवा रुपेरी निवडावी, याचे कारण हे.

पृष्ठभाग आरशासारखा केव्हा होतो? लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा ठोकताळा असा की, सरळ पडणाऱ्या प्रकाशासाठी पृष्ठभागावरचे उंचसखलपण प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागाहून कमी हवे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रॉन, तिचा आठवा भाग ०.०७ मायक्रॉन. म्हणजे झिलई देणे याचा अर्थ मोठे ओरखडे काढून त्यांच्या जागी प्रकाशालाही न जाणवणारे ओरखडे पाडणे. न्यूटनने १७०४ सालच्या आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात काचेच्या झिलईविषयी नेमके हेच म्हटले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी बिल्बी या शास्त्रज्ञाने निराळे मत मांडले: झिलई देताना पृष्ठभाग द्रवासारखा वाहून सपाट होतो. १९३७ मध्ये बाउडन आणि ह्यूज यांनी कापरासारख्या मऊ पदार्थाने धातू घासून पाहिले. सहज वितळणारा वुड्स मेटल हा मिश्रधातू कापराने चकाकला; कथील मात्र चकाकले नाही, कारण कथील कापरापेक्षा जास्त तापमानाला वितळते. धातूंची नेहमीची झिलई मुख्यतः सूक्ष्म खरवडण्यानेच होते, असे पुढील संशोधनात दिसून आले. पण या वादातून आपल्या कामाची एक गोष्ट हाती येते. घासताना कण खरवडतात, तशीच उष्णताही निर्माण होते. आणि प्लॅस्टिकसारख्या थराच्या बाबतीत ही उष्णता विसरून चालत नाही.

तीन यंत्रे

आता भाच्याच्या प्रश्नाकडे वळू.

पहिले यंत्र एका आसाभोवती गरगर फिरणारे. यालाच रोटरी म्हणतात. समजा त्याची चकती १८० मिलिमीटर व्यासाची असून मिनिटाला १,५०० फेरे घेते. एका फेऱ्यात कडेवरचा बिंदू ३.१४ × ०.१८ = ०.५६५ मीटर जातो. सेकंदाला २५ फेरे, म्हणून कडेचा वेग सेकंदाला सुमारे १४ मीटर. मध्यबिंदूचा वेग मात्र शून्य! एकाच चकतीत इतकी असमानता.

दुसऱ्या यंत्रात चकतीचा मध्य आसावर नसून किंचित बाजूला बसवलेला असतो. त्यामुळे सगळी चकती लहानशा वर्तुळात डोलते, जसे दोन्ही हातांनी धरलेले तांदळाचे सूप आपण गोल हलवतो तसे. शिवाय ती एका मोकळ्या बेअरिंगवर असल्याने डोलता डोलता स्वतःभोवतीही सावकाश फिरते. बाजारात याला ड्युअल अॅक्शन किंवा नुसते 'डीए' म्हणतात. त्यावर ८, १५ किंवा २१ मिलिमीटर असा आकडा लिहिलेला असतो. तो त्या लहान वर्तुळाचा व्यास होय. ८ मिलिमीटरचे यंत्र मिनिटाला ४,५०० वेळा डोलत असेल, तर वेग येतो ३.१४ × ०.००८ × ७५ = सेकंदाला सुमारे १.९ मीटर. आणि डोलण्याचा हा वेग मध्यापासून कडेपर्यंत सगळीकडे सारखाच!

उष्णतेचा हिशेब करू. यंत्र ५ किलो वजनाएवढ्या, म्हणजे सुमारे ५० न्यूटन बलाने दाबले आणि घर्षणांक ०.५ धरला, तर घर्षणबल २५ न्यूटन. बल गुणिले वेग म्हणजे दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता. रोटरी चकतीचा सरासरी वेग कडेच्या वेगाच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ९.४ मीटर, उष्णता २३५ वॉट. डोलणाऱ्या चकतीची ४७ वॉट. तिचे सावकाश फिरणे जमेस धरले तरी फार तर याच्या दुप्पट. घर्षणांक मी अंदाजाने घेतला आहे, पण तो दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे तुलना खोटी ठरत नाही.

खरी मेख पुढेच आहे. नवशिक्याचा हात थकला की यंत्र कलते. रोटरी कलले की सगळा दाब आणि सगळी उष्णता कडेच्या रुपयाएवढ्या जागेत जमा होते, आणि चकती फिरतच राहते. डीए यंत्र कलले की मोकळ्या बेअरिंगवरचे फिरणे थांबते. ते नुसते थरथरते आणि काम होईनासे होते. काम न होणे हाच येथे गुण आहे! चूक झाल्यावर थांबणारे यंत्र शिकाऊ माणसासाठी चांगले. अनुभवी कारागिराच्या हाती रोटरी झपाट्याने उत्तम काम करते, हे खरे. पण तो अनुभव गिऱ्हाइकाच्या गाडीवर मिळवायचा नसतो.

तिसऱ्या प्रकारात डोलणेही असते आणि दातेरी चाकांनी सक्तीने फिरणेही. ते थांबत नाही, म्हणून तेही पुढच्या इयत्तेचे.

काही जण पैसे वाचवण्यासाठी ग्राइंडरलाच पॉलिशची चकती लावतात. मिनिटाला ११,००० फेरे घेणाऱ्या ग्राइंडरवर १०० मिलिमीटरच्या चकतीची कड सेकंदाला ५७ मीटर, म्हणजे ताशी २०० किलोमीटरहून जास्त वेगाने जाते. आकडा वाचून पुरे.

पेटीत काय हवे

मामांसाठी आम्ही १२५ मिलिमीटरची तळचकती असलेले, ८ ते १५ मिलिमीटर डोलणारे डीए यंत्र ठरवले. वॉटचा मोठा आकडा पाहून भुलू नये. तो यंत्र किती वीज खाते ते सांगतो. दाबल्यावरही वेग कायम राखणारे यंत्र असेल तर उत्तम. त्याचे कार्बन ब्रश आणि तळचकती गावात मिळतात का, हे दुकानातच विचारावे. वजन हातात धरून पाहावे. दोन-अडीच किलोचे यंत्र तासाभरात दहा किलोचे वाटू लागते. कंपनाने बोटे बधिर होतात, म्हणून मधूनमधून थांबावे लागते. यंत्रावर चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर ते दुहेरी आवरणाचे असते. तरीही शेडमध्ये जमीन ओली असणार. तेव्हा वीजगळती होताच प्रवाह तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बोर्डावर आधी बसवावा, मग यंत्र लावावे. या एका बाबतीत काटकसर नको.

यंत्रापेक्षा फोमच्या गाद्यांकडे दुर्लक्ष जास्त होते. एकच गादी वापरली तर ती खरवडलेल्या रंगाने भरते, तापते आणि नवे ओरखडे पाडते. मध्यम कठीण तीन व मऊ तीन अशा सहा तरी हव्यात. पॉलिश दोन पुरेत, एक मध्यम आणि एक बारीक. त्यांतले कण बहुधा अॅल्युमिनियम ऑक्साइडचे, काठिण्य ९. टूथपेस्टमधला खडू ३ वर असतो, तरी मनगटी घड्याळाची ओरखडलेली प्लॅस्टिकची काच त्याने बरीच स्वच्छ होते. घरी करून पाहा. मात्र पितांबरी किंवा चिंचेने तांबे उजळते ते मुख्यतः रासायनिक क्रियेने. तो प्रकार गाडीवर चालणार नाही. याखेरीज मऊ मायक्रोफायबरची फडकी, चिकटपट्टी, गॉगल आणि नाकाला मास्क.

शक्य असेल तर रंगाची जाडी मोजणारे छोटे उपकरण घ्यावे. पोलादी पत्र्यापासून टोक जितके दूर तितका चुंबकीय परिणाम कमी, या तत्त्वावर ते चालते. प्लॅस्टिकच्या बंपरवर ते मुके होते. आणि नेमका बंपरच लवकर जळतो, कारण प्लॅस्टिक उष्णतेचे मंद वाहक असल्याने उष्णता पत्र्यासारखी आजूबाजूला पसरत नाही.

शेडमधला पहिला दिवस

मामांनी भंगारातून एक काळे बॉनेट आणले होते. शेजारच्या गॅरेजमधून उसना आणलेला रोटरी त्यांनी हौसेने त्याच्या उंचवट्याच्या रेषेवर टेकवला. दहा-बारा सेकंदांत रेषेवर करड्या रंगाचा पट्टा दिसू लागला. तो प्रायमर होता. भाचा म्हणाला, "मामा, तिथे क्षेत्रफळ कमी, म्हणून दाब जास्त." बरोबर, पण आणखीही एक कारण आहे. ओला रंग पृष्ठताणामुळे धारेवरून बाजूला ओढला जातो, म्हणून धारेवर तो मुळातच पातळ असतो. अशा सर्व धारांवर आधी चिकटपट्टी लावायची असते.

मग नव्या डीए यंत्राच्या तळचकतीच्या कडेवर मार्करने एक काळी रेघ ओढली. रेघ फिरताना दिसली तर दाब ठीक. थांबली तर जास्त. दीड फूट लांब-रुंद चौकोन आखून, सर्वांत मऊ गादी आणि बारीक पॉलिशने सुरुवात केली. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर इतका सावकाश, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवून, उभे-आडवे मिळून चार वेळा. पुसून दिव्याखाली पाहिले. जाळे निम्मे गेले होते. तेव्हाच मध्यम गादी घेतली. पत्र्याला हाताची पाठ लावून पाहायची. चटका बसला तर थांबायचे.

आठवडाभर भंगारावर हात बसल्यावर पहिली गाडी आली, ती नेमकी काळी. मामांनी उपकरण लावले. बॉनेटवर १०८ मायक्रॉन. डाव्या दारावर २४०, म्हणजे ते पूर्वी पुन्हा रंगवलेले होते. हा आकडा हजारावर गेला असता तर खाली लांबी भरलेली आहे असे समजले असते. छतावर मात्र ७४. आधीच्या कोणीतरी तेथे सढळ हाताने रबिंग केले असावे. मामांनी गाडीच्या मालकांना छतावर बोट ठेवून आकडा दाखवला, आणि बॉनेट व दारे पॉलिश करून छताला नुसते धुऊन मेण लावले. छताचे पैसे त्यांनी धरले नाहीत.